हिवाळ्यात ४८ शिखरांची यादी चढताना जमलेली माणसं

अनघा_न्यूइंग्लंड

इथे सह्याद्रीतल्या भटकंतीवर भरभरून लिहिलं जातं. मला आज डोंगरांच्या निमित्ताने भेटलेल्या माणसांबद्दल लिहायचंय, आणि तुमच्याकडूनही ऐकायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॉस्टनहून गाडीने दोन-अडीच तास उत्तरेला गेलं की न्यू हॅम्पशायरचे व्हाइट माउंटन्स लागतात. तिथल्या चार हजार फुटांहून उंच ४८ शिखरांची एक यादी आहे. ती पुरी करणाऱ्यांसाठी ॲपलाचियन माउंटन क्लबने १९५७ मध्ये वेगळा क्लब काढला, तेव्हापासून इकडची माणसं या यादीच्या मागे आहेत. हिवाळ्यातली यादी वेगळी मोजतात आणि तिचा नियम कडक आहे. डिसेंबरात उत्तरायण ज्या मिनिटाला सुरू होतं त्यानंतर चढायला लागायचं, आणि मार्चमध्ये वसंतसंपाताचा क्षण यायच्या आत खाली उतरलेलं असायचं. एप्रिलमध्ये वर कमरेइतका बर्फ असतो, पण तो धरत नाहीत.

उंचीचे आकडे वाचून हे सोपं समजू नका. फ्रँकोनिया रिज या उघड्या डोंगरधारेवरचा लाफायेट ५२४९ फुटांचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटकाच. पण हवा भयंकर. शेजारच्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी वेधशाळेतल्या लोकांनी ताशी २३१ मैलांचा वारा मोजलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पारा उणे ४७ फॅरनहाइटवर गेला होता आणि वाऱ्यासकट हिशेब केला तर उणे १०८. अशा दिवशी अर्थात कुणी जात नाही. पण हे डोंगर काय करू शकतात ते डोक्यात पक्कं ठेवूनच निघावं लागतं.

हिवाळ्यात ही यादी सगळ्यात आधी पुरी केली रॉबर्ट आणि मिरियम अंडरहिल या जोडप्याने, १९६० च्या डिसेंबरात, जेफरसनच्या माथ्यावर. त्या ६२ वर्षांच्या होत्या, ते ७१ वर्षांचे. मी हे सगळं सुरू केलं ते चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे त्या दोघांचं वय मला फार बळ देतं.

आता मुद्द्याचं. या देशात आल्यावर माझ्या ओळखी झाल्या त्या ऑफिसात आणि मराठी मंडळात. दोन्हीकडे माणसं जिवाला जीव देणारी आहेत. पण सगळे साधारण माझ्यासारखेच. वय तेच, नोकऱ्या त्याच, मुलांच्या शाळांच्या चिंता त्याच. हिवाळ्यातल्या डोंगरात गाठ पडली ती वेगळ्याच लोकांशी. घराघरांतल्या फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले शेजारच्या मेन राज्यातले सत्तरीचे गृहस्थ. रात्रपाळी संपवून थेट डोंगराच्या पायथ्याशी येणारी एक नर्स. भूगोल शिकणारा, हातमोजे कायम हरवणारा एक मुलगा. एरवी आमच्यातल्या कुठल्याही दोघांची आयुष्यात भेट झाली नसती.

ही मैत्री होते कशी, ते एका उदाहरणाने सांगते. रिजवर झाडी संपायच्या आधी, शेवटच्या स्प्रूसच्या आडोशाला सगळे थांबतात. जाड कोट, मिटन्स, बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी टोपी), गॉगल, जे काय चढवायचं ते तिथेच चढवायचं, कारण पुढे वाऱ्यात साधी चेन लावायलाही बोटं वळत नाहीत. मग दोघा-दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचा चेहरा तपासायचा. गॉगल आणि बालाक्लाव्हाच्या मध्ये बोटभर कातडी जरी उघडी राहिली तरी अशा वाऱ्यात काही मिनिटांत तिथलं रक्त आटतं. ज्याचं त्याला कळत नाही, कारण तो भाग आधीच बधिर झालेला असतो. ते फक्त दुसऱ्याला दिसतं: गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा, मेणचट ठिपका. म्हणून रिजवर चालताना मधूनमधून थांबून समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायचं, हे कामच असतं.

माझ्या गालावर असा ठिपका पहिल्यांदा दिसला तो मेनच्या त्या काकांना. आमची ओळख त्याच सकाळची. त्यांनी मला खांद्याला धरून वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं, स्वतःचा मिटन काढला आणि रंग परत येईपर्यंत तळहात माझ्या गालावर धरून ठेवला. बोलले काहीच नाहीत. त्या वाऱ्यात बोललेलं ऐकूही आलं नसतं. मग मिटन घातला आणि चालायला लागले.

दुसरी गोष्ट वाट फोडण्याची. ताज्या बर्फात स्नोशूज (बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालूनही पुढचा माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. प्रत्येक पाऊल उचलून वर ठेवायचं, दाबायचं, मग त्यावर वजन टाकायचं. उणे १५ सेल्सियसमध्येही तो घामाने भिजतो, आणि भिजणं हाच हिवाळ्यातला मोठा धोका. म्हणून थोड्या वेळाने त्याने बाजूला व्हायचं, रांग पुढे जाऊ द्यायची आणि शेपटाला लागायचं. चार माणसांच्या पायांखालून गेलेली वाट शेवटच्याला सारवलेल्या अंगणासारखी घट्ट मिळते. कोण किती वेळ पुढे होतं याचा हिशेब कुणी मांडत नाही. पण कोण दमलंय आणि तरी बाजूला व्हायला संकोचतंय, हे मागच्याला त्याच्या चालण्यावरून समजतं. तो हळूच म्हणतो, "आता मला जाऊ दे."

आमच्या या गटात राजकारणावर टोकाचे मतभेद आहेत. कुणाच्या घरी काय चाललंय ते कित्येक महिने एकमेकांना माहीत नव्हतं. तरी रात्री दोनला फोन करायची वेळ आली तर मी यांनाच करेन.

तुमच्यापैकी कुणी अशी एखादी यादी चढलंय का? कुठल्याही देशातली, कुठल्याही डोंगरांची. त्यातून जमलेली माणसं टिकली का?

---

सह्यवेडा_नाशिक

ताई, लेख मनापासून आवडला. आमच्याकडे थंडी म्हणजे ट्रेकचा सुकाळ. भांडी घासताना पाणी बर्फासारखं लागतं एवढंच काय ते. तरी तुमचं चेहरा तपासणं वाचलं आणि अलंग-मदन-कुलंग आठवलं. तिथल्या कातळटप्प्यावर बिले देणारा, म्हणजे वरून दोर धरून सांभाळणारा माणूस दिसत नाही, खालच्याला फक्त दोराचा ताण जाणवतो. माझे जे दोन जवळचे मित्र आहेत ते त्या दोराच्या दुसऱ्या टोकाचे. एक वायरमन आहे, एक बँकेत. लग्नकार्यात आमचं बोलणं पाच मिनिटांत संपतं आणि डोंगरात दोन दिवस पुरत नाहीत.

किल्ल्यांच्या याद्या आमच्याकडेही करतात. पण थंडीतच पुरी करायची अशी यादी पहिल्यांदाच ऐकली.

---

निवांत

लेख चांगला आहे, पण मला एक खटकतं ते स्पष्ट लिहितो. यादी आली की डोंगराकडे बघायची नजर बदलते. शिखर गाठलं, खूण केली, पुढचं. अशा घाईत जमलेल्या ओळखीला मैत्री म्हणायचं का? ती त्या शिखरापुरती सोय असते. तुम्हाला चौथा माणूस हवा असतो आणि त्याला तुम्ही हव्या असता. मी पण डोंगरात फिरतो, पण कुठलीही यादी न धरता, एकटा किंवा फार तर एका मित्राबरोबर. तिथे डोंगरही नीट दिसतो आणि मित्रही.

---

अनघा_न्यूइंग्लंड

निवांत, तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

चौथा माणूस हवा असतो हे शंभर टक्के खरं. इकडचा जुना संकेत आहे की हिवाळ्यात कमीत कमी चौघांनी जावं. एकाला लागलं तर एकाने त्याच्यापाशी थांबायचं आणि दोघांनी मदतीला खाली जायचं. म्हणजे सुरुवात गरजेतून होते हे मी नाकारत नाही. मला उलट तेच मोलाचं वाटतं. एरवी आपल्या वयात नव्या माणसाला "मला तुझी गरज आहे" असं म्हणायची वेळच येत नाही.

आता यादीबद्दल. यादीत लाफायेटसारखी देखणी शिखरं मूठभर. बाकी पुष्कळ अशी की यादी नसती तर तिकडे कुत्रंही फिरकलं नसतं. आउल्स हेडचंच बघा. उंची जेमतेम ४००० च्या वर, माथ्यावर झाडी, धड देखावा नाही. नेहमीच्या वाटेने जाऊन-येऊन साधारण १८ मैल पडतात. हिवाळ्यात निम्म्या वाटेला बर्फाखालून वाहणारे ओढे ओलांडायचे, नाहीतर होकायंत्र धरून जंगलातून आडवं घुसायचं. अंधारात निघायचं आणि अंधारातच परत यायचं.

त्या दिवशी आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा बघण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. थर्मासमधलं सूप फिरलं. डिंकाचे लाडू मी आतल्या खिशात अंगाला लावून ठेवले होते, नाहीतर त्या थंडीत दात पडायचे. ते वाटले. नर्सने विचारलं यात काय आहे, म्हणून डिंक, खारीक, खोबरं असं एकेक सांगितलं आणि बाळंतिणीला देतात हेही सांगितलं. त्यावरून ती तिच्या आईबद्दल बोलायला लागली. आई त्याच आठवड्यात गेली होती. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. परतीचे नऊ मैल ती बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो. देखणं शिखर असतं तर सगळे फोटो काढण्यात गुंतलो असतो असं मला वाटतं. यादीने आम्हाला त्या रुक्ष ठिकाणी नेलं म्हणून मी यादीची ऋणी आहे.

---

मीरा_जर्सी

वाचताना डोळे भरून आले. मी आणि नवरा न्यू जर्सीत असतो, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांत उन्हाळ्यात जातो. तिथल्या ३५०० फुटांवरच्या शिखरांच्या क्लबातही चार शिखरं हिवाळ्यात परत चढावीच लागतात: स्लाइड, ब्लॅकहेड, बाल्सम आणि पँथर. आमची त्या चारांवरच गाडी अडलीय. भीती थंडीची कमी, माहितीतलं कुणी नाही याची जास्त. अनोळखी लोकांबरोबर अशा ठिकाणी जायचं म्हणजे कसं? सुरुवात कुठून करायची?

---

जुना_भटक्या

मीराताई, मी देतो उत्तर. मी आता मॅसॅच्युसेट्समध्ये स्थायिक आहे आणि बऱ्याच वर्षांपासून हिवाळी गटांबरोबर जातो.

अनोळखी लोकांबरोबर थेट मोठ्या डोंगरावर जाऊ नका. क्लबांच्या हिवाळी सहली असतात. ॲपलाचियन माउंटन क्लबची बॉस्टन शाखा हिवाळी चालण्याचे वर्गही घेते: आधी व्याख्यानं, मग सोप्या डोंगरावर सराव. तिथले नेते पायथ्याशी तुमची सॅक उघडायला लावतात. पहिल्यांदा अपमान वाटेल, पण वाटून घेऊ नका. सुती कपडा दिसला की गाडीत ठेवायला सांगतात, कारण सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. कोरडे हातमोजे दोन जोड जास्त, हेडलॅम्प आणि त्याच्या बॅटऱ्या अंगाजवळ, पाण्याच्या बाटल्या लोकरी मोज्यात घालून उलट्या ठेवलेल्या. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बाटली उलटी ठेवली तर तोंड मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी आणू नका, नळी अर्ध्या तासात गोठते. सगळ्या गटात मिळून एक स्लीपिंग बॅग, एक फोमची चटई आणि एक स्टोव्ह. ती बॅग कुणी उचलायची यावरून माणसं ओळखता येतात. जो न विचारता आपल्या सॅकमध्ये कोंबतो त्याचा नंबर घेऊन ठेवावा.

न्यू हॅम्पशायरमध्ये जाणार असाल तर हाइक सेफ कार्ड काढा. एकट्याचं २५ डॉलर, कुटुंबाचं ३५. तो पैसा शोध आणि बचावाच्या कामाला जातो, आणि तुमच्यावर बचावाची वेळ आलीच तर निष्काळजीपणाच्या ठपक्यावरून खर्च वसूल होण्यापासून बहुतेक वेळा संरक्षण मिळतं. मुद्दाम बेदरकार वागलात तर मात्र नाही.

आणि निघायच्या आधी, पार्किंगमध्येच, एक गोष्ट मोठ्याने बोलून ठरवा: कुणीही एकाने "परत फिरू" म्हटलं की सगळे परत फिरणार, कारण विचारायचं नाही. ज्या गटाला हे मान्य नसेल त्याच्याबरोबर जाऊ नका. शिखरापासून पाव मैलावरून कुणासाठी तरी बिनतक्रार परत फिरलेल्या लोकांशीच माझी मैत्री टिकलीय. जे चरफडले त्यांची नावंही आता आठवत नाहीत.

---

ग्लासगोकर

स्कॉटलंडमधून लिहितोय. इकडच्या यादीला मन्रो म्हणतात, ३००० फुटांवरची २८२ शिखरं. सर ह्यू मन्रोंनी १८९१ मध्ये यादी छापली. त्यांची स्वतःची मात्र पुरी झाली नाही. स्काय बेटावरचा तो कातळसुळका, इनॲक्सेसिबल पिनॅकल, त्यांचा राहून गेला आणि १९१९ मध्ये ते वारले. १९८४-८५ च्या हिवाळ्यात मार्टिन मोरन यांनी तेव्हाची सगळी २७७ एका हिवाळ्यात, ८३ दिवसांत केली. पत्नी जॉय व्हॅन घेऊन पायथ्याशी असायच्या, काही शिखरांवर बरोबरही जायच्या. मला त्या कहाणीत त्या व्हॅनचं अप्रूप जास्त आहे.

इथे डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास. त्यामुळे रात्र डोंगरातच काढायची वेळ येते, बॉथीत. बॉथी म्हणजे माळावरची जुनी दगडी घरं, कधी काळी धनगरांची किंवा गुराख्यांची, कुलूप नसलेली. मन्रो चढणारे येतात, सरपण नाहीतर कोळसा पाठीवर आणतात. येताना स्वतःपुरता न आणता सगळ्यांपुरता आणायचा, ही रीत. मी एका अशा घरात पावसाने अडकलो होतो. आतमध्ये एक निवृत्त पोस्टमन आणि दोन बहिणी. त्यांनी मला शेकोटीजवळची जागा दिली कारण माझे बूट ओले होते. मी मेथीचे ठेपले काढले, त्यांनी चीज. पुढच्या हिवाळ्यात आम्ही चौघं ठरवून तिथेच भेटलो आणि आता दरवर्षी भेटतो. पोस्टमनकाकांची यादी पुरी झालीय. ते फक्त कोळसा घेऊन येतात.

---

उत्तर_न्यूयॉर्क

या विषयावर न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांचा उल्लेख झालाच पाहिजे. आमच्याकडे ४६ शिखरं. बॉब आणि जॉर्ज मार्शल हे भाऊ आणि त्यांचे वाटाडे हर्बर्ट क्लार्क यांनी १९२५ मध्ये ती पहिल्यांदा पुरी केली. ग्रेस हडोव्हाल्स्की १९३७ मध्ये ती पुरी करणाऱ्या पहिल्या स्त्री, एकूणात नवव्या. पुढे त्या ही ४६ पुरी करणाऱ्यांच्या क्लबच्या इतिहासकार झाल्या. तेव्हा पद्धत अशी की शिखर चढलं की चढणाऱ्याने ग्रेसबाईंना पत्र लिहायचं, आणि बाई प्रत्येकाला उत्तर लिहायच्या. एकदोघांना नाही, हजारो लोकांना, कित्येक दशकं. कुणी लिहिलं पाऊस होता, तर बाई त्या पावसाबद्दल विचारायच्या. २००४ मध्ये त्या गेल्या. २०१४ मध्ये ईस्ट डिक्स या शिखराला ग्रेस पीक असं त्यांचं नाव दिलं.

मी त्यांच्या काळात इथे नव्हतो याचं मला फार वाईट वाटतं. आपली धाप, आपली भीती कुणीतरी वाचणार आहे म्हणून माणूस किती नीट चढत असेल.

जाता जाता एक सूचना: आमच्या हाय पीक्स भागात आठ इंचांवर बर्फ असेल तर स्नोशूज किंवा स्की घालणं हा नियमच आहे. नुसत्या बुटांनी वाटेत खड्डे पडतात, रात्री ते गोठतात आणि मागून येणाऱ्याचा पाय मोडतो. मागून येणारा कोण आहे हे माहीत नसतानाही त्याची काळजी घ्यायची, हे मला आवडतं.

---

शमा_क

मी डोंगर चढत नाही. माझा नवरा चढतो, याच ४८ च्या मागे आहे, हिवाळ्यातल्या. म्हणून घरी थांबणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

त्याच्या सॅकला उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र आहे. माथ्यावर एक निरोप आणि गाडीपाशी आल्यावर एक. त्या दोन निरोपांमधला वेळ कसा जातो ते मलाच माहीत. एकदा दुसरा निरोप येईना. रात्रीचे नऊ वाजले. मी त्याच्या गटातल्या एकाच्या बायकोला फोन केला. ती टेनेसीची, आवाजही कधी ऐकलेला नव्हता. ती म्हणाली, माझ्याकडेही आला नाही, पण आपण दोघी फोन चालू ठेवू. बोलण्यासारखं काही सुचेना, तेव्हा तिने मला तिच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते सांगितलं आणि मी माझ्या. साडेदहाला निरोप आला. गटातल्या एकाच्या स्नोशूचा पट्टा तुटला होता, म्हणून सगळे त्याच्या वेगाने उतरले.

त्या रात्रीपासून आम्हा दोघींचा फोन दर डोंगराच्या दिवशी ठरलेला. तिच्या मुलीच्या लग्नाला मी पैठणी नेसून गेले. हे दोघं त्या यादीमुळे मित्र झाले की नाही ते त्यांनी सांगावं, पण माझी सगळ्यात जवळची अमेरिकन मैत्रीण मला त्या यादीनेच दिली.

---

सह्यवेडा_नाशिक

शमाताई, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, आम्हाला कोण फोन करतं?" आज वायरमनच्या आईचा नंबर तिला दिलाय.

---

निवांत

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आउल्स हेडचा भाग वाचून माझं मत बरंचसं बदललं हे प्रांजळपणे सांगतो. पण एक प्रश्न उरतोच आणि तो कुत्सितपणे विचारत नाहीये. यादी संपल्यावर काय? एक सामाईक काम होतं म्हणून एकत्र होतात. ते संपलं की माणसं पांगत नाहीत? माझा एक जुना गिर्यारोहक मित्र असाच दुरावला. मोहीम संपली, फोन कमी झाले, मग फक्त वाढदिवसाचे मेसेज. म्हणून मी यादीला बिचकतो.

---

अनघा_न्यूइंग्लंड

निवांत, हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत.

पांगतात. आमच्यातलेही काही पांगले. भूगोलवाला मुलगा कोलोरॅडोला गेला, आता अधूनमधून बर्फाचे फोटो पाठवतो. त्याचं मला दुःख आहे, आणि ते झाकावं असंही वाटत नाही.

पण मेनच्या काकांचं सांगते. त्यांच्या यादीत फक्त बाँडची तीन शिखरं राहिली होती आणि गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी मोठी चाल बंद करायला सांगितली. बाँड्स म्हणजे व्हाइट माउंटन्समधला सगळ्यात आतला भाग. हिवाळ्यात झीलंड रोड फाटक लावून बंद असतो, त्यामुळे सुरुवातीलाच साडेतीन मैल जास्तीचे पडतात. बहुतेक लोक एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला लिंकन वुड्सला उतरतात, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना गाडी लागते. आम्ही बाकीचे जायचं ठरवत होतो. त्यांना कसं सांगायचं या विचाराने कुणीच विषय काढत नव्हतं. शेवटी त्यांनीच काढला. म्हणाले, मी सोडायला येतो आणि दुसऱ्या बाजूला घ्यायला येतो.

पहाटे चारला त्यांनी आम्हाला झीलंडच्या फाटकाशी सोडलं. प्रत्येकाची हेडलॅम्प लावून बघितली, नर्सच्या गेटरचा (बुटावरून पोटरीपर्यंतच्या आवरणाचा) बकल सैल होता तो स्वतः वाकून आवळला. संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही लिंकन वुड्सचा झुलता पूल ओलांडला तेव्हा ते पुलाच्या तोंडाशी उभे होते. गाडीत हीटर लावून, क्लॅम चाउडरचा, म्हणजे शिंपल्यांच्या सूपचा, मोठा डबा ब्लँकेटमध्ये गुंडाळून. मी मासे खाते पण क्लॅम नाही, हे लक्षात ठेवून माझ्यासाठी वेगळं टोमॅटोचं सूप आणलं होतं. मग त्यांनी एकेकाला विचारलं: बाँडक्लिफच्या कड्यावर वारा कुठून होता, वेस्ट बाँडच्या फाट्यावर बर्फ किती होता, कोण पुढे होतं. आम्ही सांगत गेलो. त्यांना प्रत्येक वळण हवं होतं.

त्यांची यादी आता पुरी होणार नाही. पण आमच्यापैकी कुणालाही दोन टोकांना गाड्या लावायच्या असल्या की पहिला फोन त्यांना जातो, आणि आम्ही नाही केला तर ते करतात. गेल्या वर्षी माझ्या आईबाबांना बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून त्यांनीच आणलं, कारण मी तापाने पडले होते. बाबा आणि ते फर्नेसवर दीड तास बोलले. बाबा महावितरणमधून निवृत्त झालेत, त्यांना हक्काचा श्रोता मिळाला.

तुमच्या त्या मित्राला फोन करावा असं मला वाटतं. कुठे जायचं ठरवायला हवंच असं नाही.

---

जुना_भटक्या

अनघाताईंच्या वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. पांगणारे पांगतात. यादी आणखी एक गोष्ट करते: नवी माणसं आणते. ज्यांची यादी पुरी झाली ते दुसऱ्याच्या शेवटच्या शिखरासाठी परत येतात. मी स्वतःच्या शिखरांपेक्षा इतरांच्या शेवटच्या शिखरांवर जास्त आनंदाने गेलोय. वर केक नेतात, तो गोठलेला असतो, आइस-ॲक्सने कापतात. ते बघायला एकदा तरी या.

---

मीरा_जर्सी

जुना_भटक्या, तुमची सामानाची यादी छापून फ्रिजवर लावली. क्लबच्या एका सहलीला नाव नोंदवलंय. पण अनघाताई, एक विचारायचं होतं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला आम्ही दोघं तिकडे चार दिवस येतोय. तुमच्या गटाचं एखादं सोपं शिखर असेल तर आम्हाला बरोबर घ्याल का? आम्ही हळू चालतो, हे आधीच सांगते. नवऱ्याला दाढी आहे, थंडीत तिचं काही करावं लागतं का असंही तो विचारतोय.

---

अनघा_न्यूइंग्लंड

मीरा, नक्की या. आपण पिअर्सला जाऊ, ४३१० फूट. क्रॉफर्ड पाथने चढतात, ती १८१९ पासूनची वाट आहे आणि हिवाळ्यातही बहुधा तुडवलेली असते. जवळजवळ शेवटपर्यंत झाडीतून जाते, त्यामुळे वारा लागत नाही. पायथ्याशी क्लबचं हायलँड सेंटर आहे. तिथे आत बसून बूट बांधता येतील आणि परत आल्यावर शेकता येईल. हवा चांगली असली आणि पाय साथ देत असले तर जॅक्सनही बघू. तिथे कॅनडा जे पक्षी अगदी हातावर येऊन बसतात. त्यांना खायला घालू नका असं सांगतात, म्हणून आपण नुसतं बघू.

हळू चालता ते उत्तम, सगळ्यात हळू चालणारा आमच्याकडे पुढे असतो. दाढीला श्वासाची वाफ गोठून बर्फ धरतो आणि बालाक्लाव्हा तिला चिकटतो, तो ओढून काढायचा नाही, एवढंच त्यांना सांगा. स्नोशूज विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात. कुठे ते व्यनित (खासगी निरोपात) कळवते. हायलँड सेंटरला सकाळी साडेसहाला भेटू. आदल्या दिवशी दुपारी माउंट वॉशिंग्टन वेधशाळेचा वरच्या शिखरांचा अंदाज बघून मी फोन करेन. वारा जास्त असला तर दिवस बदलू, म्हणून चारही दिवस मोकळे ठेवा.

मेनचे काका येणार आहेत, वर नाही, सेंटरपर्यंत. तिळगूळ मी आणतेय, तुम्ही गुळपोळ्या आणा. शमाताई, तुमचा नवरा त्या दिवसांत मोकळा आहे का विचाराल? चौघं होतो आहोत, पण पाच झालो तर स्लीपिंग बॅग उचलायला एक पाठ जास्त मिळेल.

---

शमा_क

विचारलं. तो हो म्हणालाय आणि स्लीपिंग बॅग त्याच्याकडेच आहे. मीरा, तुझा नंबर मला व्यनि कर. आणि तुम्ही दोघंही वर जाणार, तर न्यू जर्सीत तुमच्या घरी कोण आहे? त्यांचाही नंबर दे, त्या दिवशी मी त्यांना फोन करेन.